महागडा रॉड घ्यावा, की बांबूचीच काठी बरी?

वाचकाचं पत्र: मी जामनेर तालुक्यात राहतो, जिनिंगमध्ये कारकून आहे. पगार १८ हजार. लहानपणापासून वाघूर नदीवर बांबूची काठी आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, घेऊन गळ टाकतो. आमचं चौघांचं टोळकं आहे, रविवारी सोबत जातो. गेल्या वर्षी बाकी तिघांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून कार्बनचे रॉड आणि रीळं घेतली. एकेकाचे दहा-बारा हजार गेले. तेव्हापासून माझ्या काठीची थट्टा चालते. दुकानदार म्हणतो, हप्त्यावर घेऊन जा. बायको म्हणते, आधी पोराच्या शाळेची फी भरा. मला आता नदीवर पूर्वीसारखं रमत नाही. महागडा रॉड घेतला तर मासे जास्त लागतील का? आणि दहा वर्षांचा मुलगा सोबत यायचं म्हणून मागे लागलाय, त्याला काय घेऊन देऊ?

उत्तर:

भाऊ, हप्त्यावर रॉड घेऊ नका. वहिनी बरोबर बोलताहेत. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं सावकाश बोलू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मासे कमी लागतात अशी तक्रार त्यात कुठेच नाही. त्या तिघांना तुमच्यापेक्षा जास्त लागतात, असंही तुम्ही लिहिलेलं नाही. थट्टा होते आणि रमत नाही, एवढंच लिहिलंय. म्हणजे तुमचं दुखणं एक आणि दुकानदार देतोय ते औषध दुसरंच. म्हणून आधी एक करा. येत्या रविवारी त्या तिघांपैकी जो जवळचा वाटतो त्याला सांगा, की आज तुझा रॉड मला दे आणि माझी काठी तू धर. पूर्ण सकाळ. रॉड हातात घेऊन बघितल्याशिवाय तो आपल्याला हवा की नको हे कुणालाच कळत नाही. आणि त्यालाही काठीवर चिलापी ओढायची गंमत बऱ्याच दिवसांनी आठवेल. थट्टा फारच जिव्हारी लागत असेल तर त्याच दिवशी त्याला तसं स्पष्ट सांगा. लहानपणापासूनचा सोबती असेल तर तो ऐकेल.

आता मुद्द्यावर येऊ. रॉड आणि रीळ नेमकं काय करतात? आमिष लांब फेकतात, मासा टोचला की हाताला कळवतात आणि मासा पळाला की त्याचा ताण झेलतात. यातली शेवटची दोन कामं बांबू बऱ्यापैकी करतो. पहिलं त्याला जमत नाही. काठीवर तंगूस जेवढा, तेवढीच तुमची पोच. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की तुम्ही बसता तिथे लांब फेकायची गरज आहे का.

अजिंठ्याच्या लेण्यांखालून येणारी वाघूर म्हणजे काही तापीचं पात्र नव्हे. डोह सोडले तर काठापासून दहा-पंधरा फुटांतच मासा चरतो. बाभळीची सावली, गवत वाकलेलं असतं ती कड, नाला येऊन मिळतो ते तोंड, पुलाच्या खांबामागचं संथ पाणी, या जागा काठीच्या टप्प्यात असतात. पावसाळ्यात पाणी चढून नव्या जमिनीवर पसरतं तेव्हा बुडालेल्या गवतातले किडे आणि गांडुळं खायला मासा अगदी पायाशी येतो. अशा वेळी रीळवाला गडी पन्नास मीटर पलीकडे आमिष फेकतो, आणि मासा मात्र त्याच्या आणि आमिषाच्या मधल्या पाण्यात चरत असतो. तापीच्या काठावर हे मी कितीदा तरी पाहिलंय.

जिथे रीळ लागतं तिथे मात्र ते लागतंच, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. तापीवरच्या हतनूर धरणाचा फुगवटा, गिरणा धरण, नवापूरकडचं उकाई धरणाचं पाणी, ही मोठी पाणी आहेत. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे हटतं, काठाला गुडघाभर गाळाची सपाटी उरते आणि खोल पाणी शंभर-दीडशे फूट लांब जातं. आपल्याकडे पारा ४५ वर गेला की उथळ पाणी तापतं, मोठा मासा खोलीत उतरतो. तिथे बांबू घेऊन बसणं म्हणजे नुसतं ऊन खाणं. शिवाय तिथे आठ-दहा किलोचा कटला लागू शकतो आणि तो एका दमात पन्नास-साठ मीटर पळतो. काठीला बांधलेला पंधरा फुटांचा तंगूस त्याला कुठवर पुरणार?

पण त्या पाण्यासाठीसुद्धा बारा हजार लागत नाहीत. काठी आणि रीळ यांच्या मधली एक गोष्ट आपल्या नद्यांवर कधीपासून चालत आली आहे, ती म्हणजे हातदोरी. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीवर पन्नास-साठ मीटर तंगूस गुंडाळायचा, टोकाला शिसं आणि गळ. एका हातात बाटलीचं तोंड पाण्याकडे करून धरायचं, दुसऱ्या हाताने शिसं गरगर फिरवून सोडायचं. तंगूस बाटलीवरून सुळकन सुटत जातो, रिळावरून सुटतो तसाच. सराव झाला की तीस-चाळीस मीटर आरामात जातं. मासा लागला की तंगूस थेट बोटावर असतो, त्यामुळे जो झटका कळतो तो कुठल्याही रॉडवर कळत नाही. फक्त तर्जनीला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळा, नाहीतर मोठ्या माशाने ओढलेला तंगूस बोट कापतो. भोई आणि कोळी समाजातली ज्यांची पोटं या पाण्यावर चालतात, त्यांच्याकडे जाऊन बघा. जाळी आहेत, लांब दोरीला ओळीने बांधलेले गळ आहेत, हातदोरी आहे. कार्बनचा रॉड मला तिथे दिसलेला नाही.

कार्बनच्या रॉडमध्ये पैसे कशाचे असतात? मुख्य म्हणजे हलकेपणाचे. नकली मासा लावून दिवसभर फेकत आणि ओढत राहायचं असेल, जसं मरळीसाठी करतात, तर शंभर ग्रॅमचा फरकसुद्धा संध्याकाळी खांद्याला कळतो. पण आपल्याकडची बहुतेक मंडळी काय करतात? कणकेची गोळी लावून आमिष फेकतात, बाभळीची दोन फाट्यांची काडी जमिनीत रोवतात आणि रॉड तिच्यावर टेकवून तंबाखू मळत बसतात. रॉड काडीवर असेल तर त्याचं वजन उचलतंय कोण? ती काडी. तिला हलका काय आणि जड काय. रिळातल्या बेअरिंगांचा आकडा मोठा दाखवतात तेही तसंच. दहा-बारा बेअरिंगांपेक्षा तीन-चार चांगली बेअरिंग असलेलं रीळ जास्त टिकतं. महागड्या रिळांमधली काही किंमत खाऱ्या पाण्याने गंजू नये म्हणून केलेल्या बंदोबस्ताची असते. तापी, गिरणा, वाघूरचं पाणी गोडं. तुम्ही भरणार त्या पैशातला काही हिस्सा अरबी समुद्रासाठी असेल, आणि समुद्र जामनेरहून किती लांब आहे ते तुम्हीच बघा.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगतो. तुमच्या सोबत्यांनाही वाचून दाखवा. कार्बनमधून वीज वाहते. आपल्याकडे नदीकाठाने आणि कालव्याने शेतीपंपांच्या तारा गेलेल्या असतात, कित्येक ठिकाणी झोळ पडलेल्या. दहा-बारा फुटी कार्बनचा रॉड उभा धरून त्यांच्याखालून चालणं जिवावर बेतू शकतं. तार दिसली की रॉडचे जोडलेले भाग सुटे करा आणि आडवे धरून चाला. वळवाचं किंवा परतीच्या पावसाचं आभाळ कडाडायला लागलं की रॉड खाली ठेवा आणि काठ सोडा. ओल्या बांबूचाही तिथे भरवसा नाही.

आता जिथे पैसे आणि डोकं दोन्ही लावायचं, तिकडे येऊ. मासा आणि तुम्ही यांच्यात जे असतं ते म्हणजे आमिष, गळ, गाठ आणि तंगूस. सगळं मिळून पाचशे रुपयांच्या आत बसतं, आणि मासा लागणं न लागणं इथेच ठरतं.

आधी माशाचं तोंड बघा. बाजारात मासेवालीपुढे कटला, रोहू आणि मृगळ शेजारी-शेजारी मांडलेले असतात, तिथे दोन मिनिटं थांबा. कटल्याचा खालचा जबडा पुढे आलेला, तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरात चरतो, पाण्यातलं बारीक जीवजंतूंचं खाद्य गाळून खातो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळाचा गाळ हुंगत फिरतो. रोहू मधल्या थरातला, त्याच्या ओठाला झालरीसारखी कड असते. म्हणजे एकाच डोहात, एकाच जागी, कटल्यासाठी आमिष पाण्याखाली दोन-तीन फुटांवर लटकलं पाहिजे आणि मृगळासाठी तळाला टेकलं पाहिजे. तरंगा तंगुसावर चार फूट वर सरकवला की आमिष तेवढं खोल जातं आणि गळाला लागणारा मासा बदलतो. हे काम करायला रॉड किती रुपयांचा आहे याचा काही संबंध नाही. तुमचे तिन्ही सोबती जड शिसं लावून तळाला आमिष टाकत असतील आणि कटला मिळत नाही म्हणत असतील, तर कारण हेच.

तरंगा घरी करा. ज्वारीच्या वाळलेल्या धाटाचा बोटभर तुकडा घ्या, वरचं कडक साल राहू द्या, दोन्ही तोंडांना मेण लावा म्हणजे पाणी शिरत नाही. मग खाली शिशाचे बारीक मणी एकेक करून लावत जा, तरंग्याचं फक्त टोक पाण्यावर उरेपर्यंत. हे बारकाईने करायचं. तरंगा अर्धा वर राहिला तर मासा आमिष तोंडात घेऊन ओढतो तेव्हा त्याला वरून अडकाव जाणवतो आणि तो थुंकून टाकतो. टोकच वर असेल तर नुसता श्वास घेतल्यासारखं आमिष आत गेलं तरी तरंगा बुडतो. रोहू असंच हळू घेतो.

आमिषाच्या बाबतीत तर खान्देशात जन्मलेल्याने कुठल्या पाकिटाकडे बघूच नये. कळण्याचं पीठ घरात असतंच. ज्वारीसोबत उडीद दळलेला असतो, त्या उडदामुळे गोळा चिकट होतो. थंड पाण्यात घट्ट मळा, त्यात काळं पडलेलं पिकलं केळ कुस्करून घाला. रावेर-यावलकडे असली केळी फुकट मिळतात. आणि तुम्ही जिनिंगमध्ये आहात, तर मळताना कापसाचे चिमूटभर तंतू विंचरून त्यात मिसळा. तंतूंमुळे गोळी गळाला धरून राहते, फेकताना सुटत नाही आणि बारीक मासे टोचून टोचून लगेच रिकामी करत नाहीत. गोळी हरभऱ्यापेक्षा जरा मोठी, गळाचं टोक किंचित उघडं. उकडलेले मक्याचे दाणे सायप्रिनसला, म्हणजे कॉमन कार्प माशाला, फार चालतात. गांडूळ तर सगळेच खातात.

आमिषाआधी चारा. सरकीची ढेप रात्री बादलीत भिजवा, सकाळी तिच्यात कोंडा मिसळून लिंबाएवढे गोळे करा. चार-पाच गोळे जिथे गळ पडणार तिथेच टाका आणि अर्धा तास थांबा. जास्त टाकू नका, पोट भरलेला मासा गळाकडे येत नाही. जमलं तर शनिवारी संध्याकाळीही त्याच जागी दोन गोळे टाकून या. मासा जेवणाची जागा लक्षात ठेवतो. पन्नास मीटरवर फेकणाऱ्याला हा चारा नेमका जागेवर टाकता येत नाही. काठीवाल्याला येतो. तुमच्या बांबूचं सगळ्यात मोठं बळ हेच आहे.

गळ दरवर्षी नवा घ्या. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढा. घसरला तर बोथट, रुतला तर चांगला. क्रमांक उलटे चालतात हे लक्षात असू द्या, दहा नंबरचा गळ बारीक आणि दोन नंबरचा मोठा. तंगूस उन्हात ठेवला की कुजतो, दिसायला तसाच दिसतो पण हिसक्याला तुटतो. सायकलच्या खोलीतल्या खिळ्याला तीन वर्षं टांगलेला तंगूस काढून टाका. टाकून म्हणजे काठावर नव्हे, घरी आणून तुकडे करून. हतनूरला हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, त्यांच्या पायात असलेच तंगूस गुंततात. आणि गाठ मारताना आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि तंगूस तिथेच कमजोर पडतो. मोठा मासा सुटला म्हणून हळहळणाऱ्या माणसाच्या तंगुसाचं टोक बघितलंत तर ते कुरळं दिसेल. म्हणजे तंगूस तुटला नव्हता, गाठ सुटली होती.

बांबूचंही जरा नीट बघा. बाजारातून घेताना मानवेल मागा, सातपुड्याकडचा. तो जवळजवळ भरीव असतो, पोकळ बांबूसारखा चिरत नाही. सावलीत वाळवा, वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळा. तंगूस नुसता टोकाला बांधू नका. काठीवरून दोन-तीन ठिकाणी गाठी देत मुठीपर्यंत आणा. टोक मोडलं तरी मासा हातात राहतो.

इतकं सगळं करून, एक हंगाम काढून, मोठ्या पाण्यावर जायची हौस टिकली तर रीळ जरूर घ्या. दोन-अडीच हजारांत सगळं बसवा, त्यातले जास्त पैसे रिळाला आणि कमी रॉडला. रॉड फायबर ग्लासचा, आठ फुटी, दोन तुकड्यांचा. दगडावर आपटला, बसच्या टपावर गेला, पोराने ओढला तरी सोसतो. कार्बनला एक बारीक चीर पडली की पुढच्या झटक्याला तो तडकतो. दुकानात कापसाचा बोळा घेऊन जा आणि रॉडच्या प्रत्येक कडीतून फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे कडी चिरलेली आहे, ती तुमचा तंगूस कापणार. रिळाची मूठ फिरवताना खडखड नको. आणि ड्रॅग हाताने ओढून बघा. एकसारखा, न अडखळता सुटला पाहिजे.

खरं तर रिळाला पैसे द्यायचे ते या ड्रॅगसाठी. रिळाच्या आत चकत्या असतात, त्या आवळल्या की फिरकी जड होते, सैल केल्या की हलकी. मासा जोरात पळाला की चकत्या घसरतात आणि तंगूस तुटण्याऐवजी सुटत जातो. पाण्यात माशाचं वजन जवळजवळ नसतंच, तंगुसावर येतो तो त्याच्या झटक्याचा ताण. म्हणून ड्रॅग नीट लावलेला असेल तर ५-६ किलोच्या तंगुसावर आठ किलोचा कटला काठाला आणता येतो. फक्त शेवटी तो तंगुसाने उचलायचा नाही, हातजाळी खाली घालायची. ड्रॅग किती आवळायचा? तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा. ०.३० मिलिमीटरचा चांगला तंगूस साधारण ५-६ किलो सोसतो, म्हणजे ड्रॅग दीड-दोन किलोवर सुटायला हवा. घरी दोन लिटरची पाण्याने भरलेली बाटली तंगुसाला बांधा आणि रीळ हातात धरून उचला. बाटली जेमतेम उचलली जाऊन फिरकी घसरायला लागली की झालं. तुमच्या सोबत्यांच्या बारा हजारी रिळांचा ड्रॅग बहुधा शेवटपर्यंत आवळलेला असेल, एकदा ही बाटली त्यांच्यापुढे लावून बघा. खेळण्यासारखी तीनशे-चारशेची रीळं मिळतात, ती मात्र घेऊ नका. त्यांचा ड्रॅग अडखळतो आणि मोठा मासा नेमका त्याच क्षणी जातो. त्यापेक्षा हातदोरीची बाटली बरी.

बारा हजारांचा रॉड कुणी घेऊच नये, असं मी म्हणत नाही. ज्याला दिवसभर मरळीमागे फेकत फिरायचं आहे, ज्याचा खांदा दुखतो, आणि ज्याच्या घरची फी, किराणा, औषधपाणी आधी भागलेलं आहे, त्याने हौसेने घ्यावा. चांगल्या रॉडचा वाक हातात जाणवतो तेव्हा आनंद होतो, तो खोटा नाही. तुमच्या सोबत्यांनाही तो होत असेल. पण त्यासाठी अठरा हजारांच्या पगारातून व्याज भरायचं हे मला पटत नाही. दर महिन्याला हप्ता कापला जाईल तेव्हा नदीवर जायची ओढ वाढणार आहे का?

एक खर्च मात्र टाळू नका. धरणांमधली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. १९५७ साली आपल्या देशात इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन करण्यात यश आलं, तेव्हापासून हॅचरीतलं बीज मिळायला लागलं. म्हणजे धरणात तुमच्या गळाला लागणारा कटला बहुतेक वेळा संस्थेने पैसे मोजून सोडलेल्या बीजाचा असतो. संस्थेच्या माणसाला भेटा, गळ टाकायची परवानगी विचारा, जी काही पावती असेल ती फाडा. तोच माणूस तुम्हाला मासा कुठे चरतोय तेही सांगेल. सुरुंग लावून किंवा औषध टाकून मासे मारणारे कुणी दिसले तर त्यांच्यात बसू नका. १८९७ च्या मासेमारी कायद्यापासून ते गुन्हाच आहे, आणि एका स्फोटात डोहातलं पिल्लूसुद्धा शिल्लक राहत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला पोट फुगलेली मादी लागली तर सोडून द्या. मरळीची तांबूस पिल्लं गोळ्याने वर येताना दिसली तर तिथेही गळ टाकू नका. आई-बाप खालीच राखणीला असतात, ते धरले तर पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

आता मुलाचं. त्याला नक्की घेऊन जा. पहिल्या दिवशी वाघूरच्या उथळ काठाला, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत परत. त्याच्या हातात सहा-सात फुटांची बारीक बांबूची काठी द्या, तंगूस काठीएवढाच लांब. जास्त लांब दिला की तो झाडात, गवतात आणि तुमच्या सदऱ्यात अडकवेल, आणि सोडवण्यातच सकाळ जाईल. दहा नंबरचा गळ, गांडुळाचा नखभर तुकडा. चिलापी धरू द्या. मूळचा आफ्रिकेतला मासा, १९५२ साली आपल्या देशात आणला गेला आणि आता प्रत्येक डबक्यात आहे. कितीही धरले तरी नदीचं नुकसान नाही, आणि पोराला दर दहा मिनिटांनी काहीतरी लागत राहतं. त्या वयात तेवढंच हवं असतं. काठाने जाणारा कुणीतरी "काही लागनं का भाऊ?" विचारेल, तेव्हा उत्तर त्याला देऊ द्या.

हतनूरच्या खालच्या अंगाला तापीच्या पात्रात त्याला पावसाळ्यात नेऊ नका. धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि वर बऱ्हाणपूरकडे पाऊस झाला की ते उघडतात, इथे आभाळ कोरडं असलं तरी. पात्रातल्या खडकावर बसलेल्या माणसाला परत फिरायला वेळ मिळत नाही. इतर ठिकाणीही पाणी कमरेपेक्षा खोल असेल तर मुलाच्या अंगात तरंगणारं जाकीट हवं. रॉडच्या हप्त्यात जाणार होते त्या पैशातून ते आजच घ्या. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून ठेवा. मासे थोडे जास्त सुटतील, पण गळ बोटात रुतला तर तसाच मागे निघेल, तो काढायला सहसा दवाखान्यात जावं लागणार नाही.